चोखोबांची पायरी, नंदनारांची आग

परचक्र आले, देवळे फुटली, धर्म बुडू लागला आणि त्या अंधारात संतांनी समाजाला धीर दिला, ही गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही झोपेतून उठवले तरी सांगता येते. कीर्तनात ती ऐकू येते, राजकीय व्यासपीठावरून ती सांगितली जाते, आषाढी एकादशीच्या सुमारास ती दरवर्षी नव्याने छापली जाते. परप्रांतात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना ती जरा जास्तच प्रिय असते, कारण घरापासून दूर असणाऱ्याला अभिमानाची शिदोरी लागते. या गोष्टीला माझा विरोध आहे. ती सनावळीत टिकत नाही, आणि ती सांगत राहिल्याने भक्तीची चळवळ मुळात कोणाविरुद्ध होती हे आपल्याला सोयीस्करपणे विसरता येते.

आधी सनावळी पाहू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशाला सांगितली गेली. तिच्या अखेरीस रामदेवराव यादवाचा उल्लेख आहे, तो न्यायाने पृथ्वीचे पालन करणारा राजा म्हणून. देवगिरीवर अल्लाउद्दीन खलजी चालून आला तो १२९६ मध्ये, ज्या वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली त्याच वर्षी. चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ तर त्याच्याही आधीचा. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ जुळवले तेव्हा देवगिरीच्या किल्ल्यावर यादवांचेच निशाण होते. म्हणजे मराठी भक्तिवाङ्मयाचे दोन आद्य ग्रंथ हिंदू राजाच्या, हिंदू मंत्र्यांच्या, देवळे बांधणाऱ्या आणि अग्रहारे देणाऱ्या राज्यात तयार झाले. जे परचक्र अजून आलेच नव्हते त्याची प्रतिक्रिया कशी उमटेल?

चेन्नईत, अड्यारसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हा हिशेब आणखी सोपा जातो. भागवत-माहात्म्यात भक्ती स्वतःची कहाणी सांगते, ती अनेकांना ठाऊक आहे: जन्म द्रविड देशातला, वाढ कर्नाटकातली, महाराष्ट्रात कुठे कुठे मान मिळाला आणि गुजरातेत म्हातारपण आले. जन्माच्या या प्रांतात आळवार आणि नायन्मार गाऊ लागले ते सहाव्या ते नवव्या शतकांत, पल्लव आणि पांड्यांच्या काळात. दहाव्या शतकाच्या सुमारास नाथमुनींनी आळवारांची पदे एकत्र केली. रामानुजांचा काळ परंपरा १०१७ ते ११३७ असा मानते. मलिक काफूर मदुरेपर्यंत आला तो १३११ साली. ज्यांना परचक्राचेच कारण हवे आहे त्यांनी ही चार-पाचशे वर्षांची दरी कशी बुजवायची ते सांगावे.

हा वाद हिंदीतही झालेला आहे. रामचंद्र शुक्लांनी १९२९ च्या आपल्या साहित्येतिहासात भक्तीचा उगम पराभूत जातीच्या हताशेत शोधला. हजारीप्रसाद द्विवेदींनी त्याला उत्तर दिले, की इस्लाम आला नसता तरी हे साहित्य रुपयातले बारा आणे असेच राहिले असते. हिंदी वाचकाला हा वाद निदान माहीत असतो. मराठीत मात्र आपण शुक्लांचे म्हणणे त्यांचे नावही न घेता रोज उगाळतो आणि द्विवेदींपर्यंत पोहोचतच नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. एकनाथ आणि तुकाराम सुलतानशाह्यांच्या काळात झाले. त्यांच्या भोवतीच्या जगात यवन राज्यकर्ते होतेच. होते, हे खरे. पण त्या संतांनी त्या जगाशी कसे वर्तन केले? एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमान राज्यकर्त्यांच्या चाकरीत होते. एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला, त्यात दोघे भांडतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहितात आणि वारकरी त्यांना संतांच्या मांदियाळीत बसवतात. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या त्या कोणा सुलतानाच्या फर्मानाने नव्हे. वेदार्थ मराठीत सांगण्याचा अधिकार शूद्राला नाही, असे म्हणणारा माणूस शेजारच्याच गावचा, वाघोलीचा शास्त्री होता.

मग कारण काय? कारण घरात होते. देवगिरीच्या दरबारातला मंत्री हेमाद्री पंडित ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे, प्रायश्चित्ते यांचा प्रचंड संस्कृत संग्रह सिद्ध करत होता. जन्मापासून मरणानंतरपर्यंतचा प्रत्येक दिवस विधीने बांधलेला, प्रत्येक विधीला दक्षिणा, आणि सगळ्याची किल्ली अशा भाषेत जी कुणबिणीला, शिंप्याला, महाराला ऐकण्याचीही मुभा नव्हती. त्याच राज्यात, त्याच दशकांत चक्रधरस्वामी मराठीत बोलत होते आणि विटाळाला धर्म मानायला नकार देत होते. त्यांचे उत्तराधिकारी नागदेवाचार्य यांना शिष्य संस्कृतात प्रश्न विचारू लागले तेव्हा त्यांनी थांबवले. तसे केले तर आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, असे त्यांचे म्हणणे होते. या चळवळीचे कारण एका वाक्यात हवे असेल तर ते त्या म्हाताऱ्या बायांमध्ये आहे. ज्ञानेश्वरांच्या घराची कथाही तीच. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची मुले म्हणून चार भावंडांना मुंज नाकारली गेली, आणि त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. हे सगळे स्वराज्यात, स्वधर्मात, स्वभाषेच्या प्रदेशात घडत होते.

मी तमिळ भक्तीला सोवळी ठरवत नाही. आळवार-नायन्मारांच्या गाण्यात जैन आणि बौद्धांविषयी कडवट द्वेष आहे, त्यांना राजाश्रय मिळाला, आणि देवळांच्या जमिनी वाढल्या त्या त्यांच्याच गाण्याच्या काळात. तरीही त्या परंपरेने नम्माळवार या वेळाळ जातीच्या कवीला वैष्णवांच्या शिरोभागी बसवले आणि त्याच्या तमिळ पदांना वेदांची पायरी दिली. पुढे त्याच परंपरेचे वडकलै आणि तेन्कलै असे दोन तट पडले, आणि देवळात कोणत्या गटाने आधी म्हणायचे यावर कांचीपुरमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडली. चिदंबरमच्या नटराजासमोर तमिळ तेवारम म्हणू देण्यासाठी २००८ साली तमिळनाडू सरकारला आदेश काढावा लागला, आणि दीक्षितरांनी त्याला विरोध केला. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्याच देवासाठी त्याच भाषेत रचलेली ती गाणी!

आता वारशाकडे येतो. संतचरित्रे वाचण्याची एक रीत मला सुचवायची आहे: जिथे चमत्कार दिसेल तिथे तंटा शोधावा. ज्ञानेश्वर पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवतात, कारण वेद म्हणण्याचा अधिकार कोणाला हा वाद सभेपुढे चालू होता. औंढ्या नागनाथाला देऊळ नामदेवांकडे फिरते, कारण शिंपी म्हणून नामदेवांना कीर्तन थांबवून देवळामागे पिटाळले होते. तुकारामांच्या वह्या पाण्यावर तरतात, कारण त्या बुडवल्या होत्या. पैठणला एकनाथ श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढतात, ब्राह्मण बहिष्कार घालतात, आणि मग साक्षात पितर पानावर येऊन बसतात. कुंभकोणमजवळच्या तिरुविशनल्लूरला श्रीधर अय्यावाळ हेच करतात, त्यांनाही वाळीत टाकतात, गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगतात, आणि गंगा त्यांच्या विहिरीतच उसळते. त्या विहिरीवर आजही कार्तिकी अमावास्येला स्नानाला झुंबड उडते. पैठण आणि तिरुविशनल्लूर यांच्यात शेकडो मैलांचे अंतर, भाषा वेगळ्या, शतकही वेगळे, पण आरोपपत्र एकच आणि निकालही एकच.

हा निकाल नीट पाहावा. प्रत्येक गोष्टीत देव हलतो, नियम हलत नाही. देऊळ नामदेवांसाठी फिरले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच देवळाच्या दाराशी जो शिंपी किंवा महार आला त्याच्यासाठी काय बदलले? श्रीरंगमच्या तिरुप्पाण आळवारांना देवाच्या आज्ञेने पुजारी खांद्यावर बसवून गाभाऱ्यात नेतो. त्यांचे भाऊबंद कावेरीच्या पलीकडेच राहतात. चमत्काराने एका माणसाला अपवाद म्हणून आत घेतले, आणि नियम अधिकच पक्का झाला.

ही टीका पहिल्यांदा मी करतो आहे असे नाही. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ १९३६ साली प्रसिद्ध झाल्यावर गांधीजींनी संतांचा दाखला देऊन आक्षेप घेतला. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात सांगितले, की देवाच्या दृष्टीने माणसे समान आहेत असे संत म्हणाले, माणसा-माणसांत समता असावी असा लढा त्यांनी दिला नाही. आणि लोकांना शिकवण मिळाली ती अशी की संताने जात मोडली तर चालते, सामान्य माणसाने मोडता कामा नये. या उत्तराला आजवर एकाही अभिमानी मराठी माणसाने धड प्रत्युत्तर दिलेले नाही. आपण फक्त आवाज चढवून पुढचा अभंग म्हणतो.

पण त्याच आंबेडकरांनी १९४८ साली आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ तिघांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. संतांवर एवढी कठोर टीका करणाऱ्याने एक तमिळ, एक हिंदी आणि एक मराठी नाव एका पानावर आणले. भक्तीच्या चळवळीचा इतका नेमका नकाशा मला दुसरीकडे कुठे आढळलेला नाही. या तिघांच्या आयुष्यात देवळाचे दार आहे, आणि ते बाहेरून दिसणारे आहे.

नंदनारांची कथा बाराव्या शतकात सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’मध्ये सांगितली. चिदंबरमच्या देवाला पाहण्याची ओढ असलेला हा पुलैयर जातीचा भक्त ‘उद्या जाईन, उद्या जाईन’ म्हणत राहतो. शेवटी जातो तेव्हा त्याला अग्नीतून शुद्ध होऊन यावे लागते. तो आगीत शिरतो, मुनीच्या रूपात बाहेर येतो आणि नटराजात विलीन होतो. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी याच कथेवर गेय चरित्र रचले, त्यात एक नवे पात्र आणले: शेतीचे काम संपल्याखेरीज जाऊ न देणारा ब्राह्मण जमीनदार. पुराणकाराला जे दिसले नव्हते किंवा सांगायचे नव्हते ते या ब्राह्मण कवीने सांगून टाकले. ‘उद्या’ हा शब्द नंदनारांच्या भक्तीतून आलेला नव्हता, तो वेठीतून आला होता.

चोखोबांच्या कथेत आग नाही, गवंडीकाम आहे. मंगळवेढ्याच्या वेशीच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळली आणि त्यांचा अंत झाला. परंपरा ते साल शके १२६०, म्हणजे १३३८, असे देते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर, पायरीशी समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही दाराबाहेरच. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी अभंग रचले. बायको सोयराबाई विटाळ म्हणजे काय असा प्रश्न विचारते आणि तो देहातच आहे तर शुद्ध कोण राहिले, असे पंडितांना सुनावते. मुलगा कर्ममेळा देवाशी भांडतो, आम्हाला हीन का केलेस म्हणून. बापाच्या विनवणीहून मुलाचा स्वर तिखट आहे. एका पिढीत विनवणीचा जाब झाला, हे या चळवळीचे खरे यश. ते आपण पाठ्यपुस्तकात घेत नाही.

आपण काय करतो ते चेन्नईत स्पष्ट दिसते. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात, १६७५ च्या सुमारास व्यंकोजींपासून १८५५ पर्यंत, मराठी कीर्तन कावेरीकाठी रुजले. तंजावर कृष्ण भागवतरांनी ते घेऊन तमिळ हरिकथेला घाट दिला, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे इथल्या भागवतरांच्या तोंडी बसली. हा देवाणघेवाणीचा इतिहास सुंदर आहे. पण आज मार्गळी महिन्याच्या संगीतहंगामात अभंग येतो तो कचेरीच्या अखेरीस, वर्णम, कृती, रागम-तानम-पल्लवी हे सगळे झाल्यावर, ‘तुक्कडा’ म्हणून. ठेका चढतो, सभागृह टाळ्या धरते, विठ्ठलाचा गजर होतो आणि मंडळी कॅन्टीनकडे वळतात. तमिळ रसिकाला शब्द कळत नाहीत, त्याचा दोष नाही. शब्द कळणारा मराठी माणूस शेजारीच बसलेला असतो आणि अभिमानाने मान डोलावतो, त्याचा मात्र आहे. कर्ममेळ्याचा जाब तिथे कोणी गात नाही. गायले तर टाळी कुठे द्यायची हा प्रश्न पडेल.

आणि आपले विद्वान? न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांची तुलना युरोपातल्या प्रॉटेस्टंट सुधारणेशी केली, म्हणजे त्यांना शिवाजीराजांच्या राज्याची नांगरणी करणारे ठरवले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलट सांगितले, की वारकरी संतांच्या निवृत्तीने राष्ट्र दुबळे झाले. शंभर वर्षे मराठी बुद्धी या दोन टोकांमध्ये लंबकासारखी हलली. दोघांचा गज एकच होता, राज्य. सोयराबाईच्या प्रश्नाने राज्य येते की जाते, हे तिला विचारून पाहायला हवे होते. १९५० साली गं. बा. सरदारांनी संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती मोजायला घेतली तेव्हा कुठे चर्चा जमिनीवर आली.

या वारशाचा एक धागा अड्यारच्या मातीत आहे, आणि तो मराठी वाचकाने जाणून घ्यायला हवा. थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय १८८२ पासून इथे नदीकाठी आहे. तिचे अध्यक्ष कर्नल ऑल्कट यांनी १८९४ साली इथे पंचमांसाठी, म्हणजे चार वर्णांबाहेर ठेवलेल्यांच्या मुलांसाठी, मोफत शाळा काढली. १८९८ साली ऑल्कट यांच्या मदतीने अयोत्तिदास पंडितर हे तमिळ वैद्य आणि विचारवंत कोलंबोला गेले, तिथे त्यांनी पंचशील घेतले आणि मद्रासला परतून शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. आमचे लोक मूळचे बौद्धच होते, आम्हाला कोणाच्या देवळात शिरायचे नाही, असा त्यांचा पवित्रा होता. नागपूरच्या १९५६ च्या धर्मांतराच्या अठ्ठावन्न वर्षे आधी नंदनारांच्या माणसांपैकी काहींनी ‘उद्या जाईन’ म्हणणे थांबवले होते.

आंबेडकरांनी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला १९३० मध्ये सुरुवात केली आणि १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली. ते भक्तिपरंपरेचा पराभव होते की शेवट, यावर वाद घालता येईल. माझे मत असे, की ते तिचेच पुढचे पाऊल होते. दार उघडा ही मागणी सहा-सात शतके ज्यांनी ऐकली नाही, त्यांना सोडून जाण्याचा हक्क कर्ममेळ्याच्या जाबात आधीच होता.

कोणी म्हणेल, मग वारकऱ्यांकडे काहीच उरले नाही का? उरले. साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले, तेव्हा त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने, म्हणजे वारकऱ्यानेच. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देवळाकडे न जाणाऱ्या या कीर्तनकाराला वारसा म्हणजे काय ते नेमके कळले होते. पण ‘वारीत जात नसते’ असे सांगणाऱ्यांनी इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख वाचावा. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत होते, हे त्यांनी स्वतः चालून, खंत करत लिहिले आहे.

हिशेब मांडायचा तर तो दाराचाच मांडावा. चोखोबा १३३८ साली गेले. पंढरपूरचे दार त्यांच्या माणसांना १९४७ साली उघडले. मध्ये सहाशे नऊ वर्षे. मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात तसा प्रवेश ८ जुलै १९३९ रोजी झाला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जानेवारी २०१४ मध्ये संपले, आणि मग मंदिर समिती सर्व जातींतून पुजारी नेमायला लागली. तमिळनाडूत सर्व जातींच्या प्रशिक्षित अर्चकांच्या नेमणुका ऑगस्ट २०२१ मध्ये झाल्या, आणि त्यांना लगेच कोर्टात आव्हान मिळाले. या पाचही तारखांत कुठे चमत्कार नाही. कायदा आहे, उपोषण आहे, निकाल आहे, हट्ट आहे. म्हणून या तारखांनी नियम हलवला.

म्हणून मागणी छोटी आहे. संतांनी परचक्रापासून धर्म वाचवला असे जो कोणी सांगेल त्याला १२९० आणि १२९६ ही दोन साले विचारावीत. अभंग गाणाऱ्याने सोयराबाई आणि कर्ममेळा यांनाही मैफलीत आणावे, आणि अर्थ इथल्या श्रोत्यांना तमिळमध्ये सांगावा, म्हणजे त्यांना आपले नंदनार आठवतील. चोखोबांची समाधी आत हलवण्याचे कोणी मनात आणू नये. ती बाहेर आहे म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाला, आपण काय ओलांडून आत चाललो आहोत, हे पाहण्याची संधी आहे. ती घेतली तर दर्शनाला थोडा उशीर होईल, इतकेच.